पेप्टाइडची कुपी फ्रिजमध्ये ठेवण्याआधी

"काका, हे स्टेरॉइड नाहीये. पेप्टाइड आहे. आपल्या शरीराचंच ग्रोथ हॉर्मोन वाढवतं."

सोसायटीतल्या एका तरुणाने फ्रिजचं दार उघडून मला बोटभर उंचीची काचेची कुपी दाखवली. तळाशी चिमूटभर पांढरी पूड, वर रबरी बूच, आणि लेबलवर बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलं: फक्त संशोधनासाठी, माणसांवर वापरण्यासाठी नाही. शेजारच्या खणात त्याच्या आजीच्या इन्सुलिनची बाटली होती आणि लाल टोपणाच्या सिरिंजांचं पाकीट. त्यातलीच एक सिरिंज तो वापरणार होता.

औषधशास्त्र शिकवण्यात माझी बरीच वर्षं गेली. त्यामुळे असेल, पण माझी नजर पुडीच्या आधी त्या लाल टोपणावर गेली. त्याकडे नंतर येतो. आधी त्याच्या वाक्याचं बघू, कारण ते खोटं नव्हतं. ही पेप्टाइडं ग्रोथ हॉर्मोन खरोखरच वाढवतात. मात्र रक्तातला आकडा वाढणं वेगळं आणि त्या वाढलेल्या आकड्याचा माणसाला उपयोग होणं वेगळं. या औषधांच्या चाळीसेक वर्षांच्या इतिहासात पहिली गोष्ट सहज जमली. दुसरीसाठी मात्र कंपन्यांनी पैसा ओतला आणि बहुतेकींनी हात टेकले.

मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी असते. ग्रोथ हॉर्मोन तिथे तयार होतं. ती १९१ अमिनो आम्लांची साखळी आहे. नळ उघडा ठेवल्यासारखं ते सतत वाहत नाही, अधूनमधून उसळी मारतं, आणि दिवसातली सगळ्यात मोठी उसळी बहुतेकदा रात्री, झोप लागल्यानंतरच्या पहिल्या गाढ टप्प्यात येते. उसळी कधी मारायची हे वरचा हायपोथॅलॅमस ठरवतो. त्याचा एक निरोप 'सोड' असं सांगतो, त्याला जीएचआरएच म्हणतात. दुसरा 'थांब' म्हणतो, तो सोमॅटोस्टॅटिन. रक्तात आलेलं हॉर्मोन यकृताला आयजीएफ-१ नावाचा पदार्थ बनवायला लावतं. हाडं, स्नायू, कूर्चा यांच्यावरचं बरंचसं काम हा पदार्थ करतो, आणि तो पुरेसा झाला की वर जाऊन तोच 'आता पुरे' असंही सांगतो.

जीएचआरएच सापडलं ते १९८२ साली, तेही मेंदूत नाही. स्वादुपिंडाच्या गाठीमुळे ज्यांचे हातपाय आणि जबडा वाढत चालला होता, अशा रुग्णांच्या गाठींतून ते वेगळं काढलं गेलं. त्यात ४४ अमिनो आम्लं निघाली, पण काम करायला पहिली २९ पुरतात असं दिसलं. त्या २९ ची प्रत म्हणजे सर्मोरेलिन. टेसामोरेलिन आणि सीजेसी-१२९५ ही त्याच घराण्यातली.

दुसऱ्या घराण्याची कहाणी मला जास्त आवडते, कारण ती उलट्या क्रमाने घडली. अमेरिकेतले सिरिल बोवर्स यांना शरीरातल्या अफूसदृश पदार्थांच्या छोट्या पेप्टाइडांत फेरफार करताना असं दिसलं, की काही तुकडे ग्रोथ हॉर्मोन बाहेर काढतात. त्यातूनच १९८०च्या दशकात जीएचआरपी-६ आलं. म्हणजे किल्ली हातात होती, पण ती कुठल्या कुलपाची हे ठाऊक नव्हतं. कुलूप, म्हणजे पेशीवरचा ग्राहक, १९९६ साली सापडलं. आणि त्या कुलपाची शरीराकडची मूळ किल्ली जपानच्या कोजिमा आणि कांगावा यांनी १९९९ साली शोधली, तीही उंदराच्या जठरात! तिचं नाव घ्रेलिन. भूक लावणारं हॉर्मोन म्हणून आज ते जास्त ओळखलं जातं. जीएचआरपी-६ घेणाऱ्याला मध्यरात्री स्वयंपाकघरात डबे धुंडाळावेसे वाटतात, ते याचमुळे. जीएचआरपी-२ आणि इपामोरेलिन हे याच कुलपाला लागतात. एमके-६७७ म्हणजे इबुटामोरेनही तिथेच लागतं, पण ते पेप्टाइड नाही. साधा छोटा रेणू असल्याने ते तोंडावाटे चालतं. खरं पेप्टाइड गिळलं तर पोट त्याचं डाळीतल्या प्रथिनासारखं पचन करून टाकतं. म्हणून 'ग्रोथ हॉर्मोन वाढवणारं पेप्टाइड, गोळीच्या रूपात' अशी जाहिरात दिसली की आत नेमकं काय आहे हा प्रश्न आधी विचारावा.

विकणारे एक मुद्दा हमखास मांडतात: बाहेरून हॉर्मोन टोचलं तर शरीराचा लगाम सुटतो, पेप्टाइडांत तो शाबूत राहतो. यात तथ्य आहे. सर्मोरेलिनसारखं अल्पजीवी पेप्टाइड दिलं तर 'थांब' म्हणणारं सोमॅटोस्टॅटिन आपलं काम करत राहतं. पण सीजेसी-१२९५ रक्तातल्या अल्ब्युमिनला चिकटून बसावं अशा बेताने घडवलेलं आहे. २००६ साली निरोगी माणसांवरच्या अभ्यासात त्याच्या एकाच इंजेक्शनने आयजीएफ-१ दीडपट ते तिप्पट वाढलं आणि नऊ ते अकरा दिवस तसंच राहिलं. निसर्गाची उसळी तासा-दोन तासांत ओसरते. दीड आठवडा चढलेल्या पातळीला 'नैसर्गिक' म्हणायचं असेल तर शब्दाचा अर्थच बदलावा लागेल.

आता फायद्याचं बघू. या सगळ्या बाजाराचं मूळ १९९० सालच्या एका छोट्या अभ्यासात आहे. डॅनियल रुडमन यांनी साठी ओलांडलेल्या १२ पुरुषांना सहा महिने ग्रोथ हॉर्मोन दिलं. चरबीविरहित वजन ८.८ टक्के वाढलं आणि चरबी १४.४ टक्के घटली. ताकद वाढली का, जिना चढणं सोपं झालं का, हे त्यात मोजलेलं नव्हतं. तरी 'तारुण्य परत' या आशयाच्या जाहिराती निघाल्या, आणि ज्या नियतकालिकात तो लेख आला होता त्यालाच २००३ साली संपादकीय लिहून अशा जाहिरातींबद्दल नापसंती व्यक्त करावी लागली. लक्षात घ्या, ते हॉर्मोन होतं, पेप्टाइड नव्हे, आणि माणसं होती १२.

एमके-६७७ चा अभ्यास जास्त नेटका होता. ६० ते ८१ वयाची ६५ निरोगी माणसं, दोन वर्षं, रोज २५ मिलिग्रॅम किंवा बिनऔषधाची गोळी. आयजीएफ-१ तरुणांच्या पातळीला गेलं. वर्षभरात चरबीविरहित वजन सरासरी १.१ किलोने वाढलं, तर दुसऱ्या गटात अर्धा किलो घटलं. ताकद मात्र वाढली नाही. आणि उपाशीपोटीची साखर साधारण ५ मिलिग्रॅमने चढली. खुब्याचं हाड मोडलेल्या वृद्धांवरचा याच औषधाचा दुसरा अभ्यास तर हृदय कमजोर पडण्याच्या तक्रारी जास्त दिसल्यामुळे मध्येच बंद करावा लागला. वजन-काट्यावर दिसलेल्या त्या किलोभरात पाणीही असतं, कारण ग्रोथ हॉर्मोन शरीरात मीठ आणि पाणी धरून ठेवतं. जिममध्ये महिनाभरात 'फुगल्यासारखं' वाटतं त्यातलं बरंचसं ते असतं.

टेसामोरेलिन हे जीएचआरएचच्या घराण्यातलं खरोखर मान्यता मिळालेलं एक औषध. २०१० साली अमेरिकेत एचआयव्हीच्या रुग्णांसाठी ते मंजूर झालं. त्यांच्या पोटात, अवयवांभोवती साठणारी चरबी कमी करणं एवढाच त्याचा हेतू. २६ आठवड्यांत ती सुमारे १५ टक्के घटली, एकूण वजन फारसं हललं नाही, आणि औषध थांबवल्यावर चरबी परत आली. शिवाय निम्म्याच्या आसपास रुग्णांच्या रक्तात या पेप्टाइडविरुद्धची प्रतिद्रव्यं तयार झाली. त्यातून बहुतेकांना मोठा त्रास झाला नाही. पण कारखान्यात शुद्धतेची काटेकोर तपासणी झालेल्या औषधाची ही गत असेल, तर निनावी कुपीतलं पेप्टाइड रोगप्रतिकारशक्ती कसं घेईल याचा अंदाज बांधायला नको.

बाकीच्यांची हकिगत थोडक्यात. इपामोरेलिन आतड्याच्या शस्त्रक्रियेनंतर आतडी लवकर चालू व्हावीत म्हणून तपासलं गेलं, पण त्याने अपेक्षित फरक पडला नाही. सीजेसी-१२९५ ची चाचणी २००६ साली एका रुग्णाच्या मृत्यूनंतर थांबली. उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या मते मृत्यूचा औषधाशी संबंध नव्हता, पण ते औषध पुन्हा बाजाराच्या वाटेवर आलं नाही. मॅसिमोरेलिन २०१७ साली मंजूर झालं, ग्रोथ हॉर्मोनची कमतरता तपासायला एकदाच प्यायचं द्रव म्हणून. आणि कॅप्रोमोरेलिन २०१६ साली अमेरिकेत मंजूर झालं ते न जेवणाऱ्या कुत्र्यांची भूक वाढवायला. तरुणपण परत आणण्याच्या स्वप्नातून निघालेला एक धागा शेवटी कुत्र्यांच्या वाडग्यापाशी पोचला. मला हे हास्यास्पद वाटत नाही. ज्याचं काम सिद्ध झालं त्याला मान्यता मिळाली, इतकंच.

धोक्यांपैकी आपल्या वाचकांनी सगळ्यात गंभीरपणे घ्यावा तो साखरेचा. ग्रोथ हॉर्मोन इन्सुलिनच्या विरुद्ध दिशेने काम करतं. टेसामोरेलिनच्या चाचण्यांत मधुमेहाच्या पातळीला पोचणाऱ्यांचं प्रमाण ४.५ टक्के होतं, औषध न मिळालेल्यांत १.३ टक्के. आयसीएमआरने २०२३ साली प्रसिद्ध केलेल्या पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त मधुमेही आहेत, आणि मधुमेहाच्या उंबरठ्यावरचे १३ कोटींच्या वर. स्नायू दिसत असले, वय २६ असलं, तरी उंबरठा आपल्या घरात आहे का हे बघितल्याशिवाय पाऊल टाकू नये. मी त्या मुलाला एवढंच म्हटलं, "आधी एचबीए१सी करून ये." ५.९ निघालं. ५.७ ते ६.४ हा उंबरठ्याचा पट्टा. रोज व्यायाम करणारा मुलगा तो रिपोर्ट हातात धरून बराच वेळ काही बोलला नाही.

हाताला मुंग्या येणं, बोटं सकाळी सुजल्यासारखी वाटणं, अंगठी घट्ट होणं, सांधे दुखणं ही त्यानंतरची लक्षणं. हात बधिर होतो म्हणून माणूस मानेचा एक्स-रे काढत फिरतो आणि डॉक्टरांना कुपीबद्दल सांगत नाही. कृपा करून सांगा. डॉक्टर रागावतील, पण निदान योग्य दिशेने जाईल.

कॅन्सरबाबत घाबरवणारी विधानं मी करणार नाही, कारण या पेप्टाइडांमुळे कॅन्सर होतो असं सिद्ध झालेलं नाही. पण आयजीएफ-१ पेशींना वाढायला सांगतं, आणि गाठीतली पेशीही ते ऐकते. उलट बाजूचा पुरावा इक्वाडोरमधून आला आहे. तिथे लॅरॉन सिंड्रोम असलेल्या बुटक्या माणसांमध्ये ग्रोथ हॉर्मोनचा निरोप पेशींना ऐकूच जात नाही. २२ वर्षं पाहिलेल्या ९९ जणांत एकालाच कॅन्सर झाला, तोही जिवावर न बेतणारा, आणि मधुमेह कुणालाच नाही. एवढ्यावरून सामान्य माणसाबद्दल थेट निष्कर्ष काढता येत नाही. पण ज्यांना कॅन्सर आहे किंवा होऊन गेला आहे, आतड्यात पॉलिप आहेत, मधुमेहाने डोळ्यांच्या पडद्यावर परिणाम झाला आहे, त्यांनी या वाटेला जाऊच नये. गर्भवतींनीही नाही.

आता ते लाल टोपण. आपल्याकडे इन्सुलिन दोन ताकदींचं मिळतं, एका मिलिलिटरमध्ये ४० युनिट आणि १०० युनिट. ४०च्या सिरिंजेचं टोपण लाल, १००च्या सिरिंजेचं नारिंगी. इंटरनेटवर 'दहा युनिटपर्यंत ओढा' असं सांगणारा बहुधा परदेशातला असतो आणि त्याच्या डोळ्यांसमोर १००ची सिरिंज असते. तिच्यात दहा खुणा म्हणजे ०.१ मिलिलिटर. आजीच्या लाल टोपणाच्या सिरिंजेत त्याच दहा खुणा म्हणजे ०.२५ मिलिलिटर. पहिल्याच दिवशी अडीचपट! त्यात कुणी मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांची गल्लत केली तर चूक हजारपटीची होते. शिवाय कुपीत किती पूड आहे हे लेबल सांगतं, पण लेबल छापणाऱ्याची तपासणी कुणी केलेली नसते.

'शुद्धता ९९ टक्के' असा कागद बरेच विक्रेते दाखवतात. तो खरा असला तरी पेप्टाइडमध्ये दुसरे तुकडे किती, एवढंच तो सांगतो. कुपी निर्जंतुक आहे का, मेलेल्या जिवाणूंच्या भिंतीचं विष त्यात आहे का, याबद्दल त्यात काहीच नसतं, आणि ताप-थंडी भरते ती त्यानेच. अमेरिकेत राहणाऱ्या आपल्या वाचकांना 'पेप्टाइड क्लिनिक'च्या जाहिराती जास्त दिसतात. तिथल्या औषध प्रशासनाने २०२३ साली सीजेसी-१२९५ आणि इपामोरेलिन यांना, औषधनिर्मात्याने दुकानात मिसळून देण्याच्या दृष्टीने, लक्षणीय सुरक्षा-धोका असू शकणाऱ्या पदार्थांत टाकलं होतं. क्लिनिकची काचेची दारं कितीही चकचकीत असली तरी हे विचारायला संकोचू नका: हे औषध मंजूर आहे का, माझ्या आजारासाठी मंजूर आहे का, आणि ते तुम्ही कुठून आणता?

खेळाडूंसाठी मुद्दा छोटा आहे. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेच्या यादीत ही सगळी नावं एस-२ गटात आहेत, आणि स्पर्धा नसतानाही बंदी लागू असते. 'ट्रेनरने दिलं, मला माहीत नव्हतं' हे कारण चालत नाही. ऑस्ट्रेलियातल्या एसेंडन फुटबॉल क्लबच्या ३४ खेळाडूंना २०१६ साली दुसऱ्या एका पेप्टाइडपायी दोन वर्षांची बंदी आली. क्लबच्याच कार्यक्रमात त्यांना इंजेक्शनं दिली गेली होती. तालमीतला पैलवान असो की जिल्ह्याच्या निवड चाचणीची तयारी करणारी मुलगी, सप्लिमेंटच्या डब्यावरची बारीक अक्षरं वाचण्याची जबाबदारी शेवटी त्यांच्यावरच येते.

आणि उंची. हा प्रश्न मला पालकांकडून सगळ्यात जास्त येतो. चौथ्या वर्षानंतर वयात येईपर्यंत मूल वर्षाला साधारण ५ सेंटिमीटर वाढतं. त्याहून सतत कमी वाढत असेल, वर्गातली मुलं पुढे जाऊन ते मागे पडत असेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जा. ते हाताच्या एक्स-रेवरून हाडांचं वय पाहतील, थायरॉइड तपासतील, गव्हाची ॲलर्जी समजली जाणारी सिलिअ‍ॅक नावाची तक्रार आहे का बघतील, मुलगी असेल तर गुणसूत्रंही. कारण सापडलं तर उपचार आहेत, आणि कमतरता असेल तर ग्रोथ हॉर्मोनही मिळतं, तज्ज्ञाच्या देखरेखीखाली. पण हाडांच्या टोकांवरच्या वाढीच्या पट्ट्या एकदा जुळल्या की कुठलंही पेप्टाइड उंची वाढवत नाही. सतरा-अठराव्या वर्षी कोणी 'अजून दोन इंच' विकत असेल तर तो तुमची चिंता विकतोय.

जे आधीच घेत आहेत त्यांच्यासाठी. आयजीएफ-१, उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी तपासून घ्या, आणि आयजीएफ-१चा आकडा आपल्या वयाच्या पट्ट्याशी ताडून बघा. नुसती 'ग्रोथ हॉर्मोन'ची पातळी तपासण्यात पैसे घालवू नका. उसळीच्या वेळी रक्त घेतलं तर ती जास्त येते, नाहीतर जवळजवळ शून्य, आणि दोन्हींतून काहीच कळत नाही. सूज, धाप, डोकेदुखी, धूसर दिसणं यांपैकी काही झालं तर घेणं थांबवून डॉक्टरांना दाखवा. दुष्परिणाम झाला असेल तर भारतीय औषधसुरक्षा कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या फोनवर कळवता येतं. बेकायदा औषध घेतलं म्हणून लाजू नका. तुमच्या तक्रारीतून पुढच्या माणसाला काहीतरी कळेल.

झोपेबद्दल लिहिणार नव्हतो, कारण ते उपदेशासारखं वाटतं. पण रात्री बारापर्यंत मोबाइल आणि पहाटे पाचला जिम, असा क्रम लावून वर हॉर्मोन वाढवायचं इंजेक्शन घेणारी मुलं मी पाहिली आहेत. दिवसातली मोठी उसळी त्याच गाढ झोपेत बसते, आणि ती कापून टाकून बाहेरून तिची भरपाई करायची, यातली विसंगती त्यांना कुणी दाखवलेलीच नसते. जड व्यायामानेही ग्रोथ हॉर्मोन तात्पुरतं वाढतं, तर पोटाची चरबी त्याला दाबून टाकते. हे सगळं औषधाशिवाय चालतं, पण यात विकायला काही नाही.

त्या मुलाने कुपी उघडली नाही. पण फ्रिजच्या दारात ती बरेच दिवस आजीच्या इन्सुलिनशेजारीच होती, आणि मला कुपीतल्या पुडीपेक्षा या शेजाराची जास्त काळजी वाटली. विरघळवल्यावर ती पूड पाण्यासारखीच दिसते, आणि सत्तरीतल्या बाईच्या हाताला कमी उजेडात दोन बाटल्यांचा फरक कळेलच असं नाही. घरात इन्सुलिन असेल तर ते वेगळ्या, झाकणाच्या डब्यात ठेवा, वर घेणाऱ्याचं नाव लिहा, आणि त्याची सिरिंज दुसऱ्या कुणालाही देऊ नका. वापरलेल्या सुया झाकण लागणाऱ्या जाड प्लॅस्टिकच्या बाटलीत टाका. आमच्याकडे कचरा वेचायला येणाऱ्या बाईंच्या बोटाला एकदा अशीच सुई टोचली होती, आणि ती कुणाच्या घरातली हे शेवटपर्यंत कळलं नाही.